वैचारिक निबंधाची प्रस्तावना: आधी प्रतिज्ञा, मग पहिले वाक्य

ठाण्यात नौपाड्याजवळच्या एका अभ्यासिकेत दर शनिवारी संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांचे निबंध तपासायला बसते. गेल्या काही वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की वही उघडण्याआधीच ते आत असणार, असा अंदाज येतो: "१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली." विषय वायुप्रदूषणाचा असो, तरुणांच्या स्थलांतराचा असो किंवा समाजमाध्यमांवर वयाची अट घालण्याचा असो, ही गाडी पहिल्या ओळीत येऊन थांबलेली असते. वाक्य खरे आहे, ३४ किलोमीटरचे अंतरही खरे आहे, आणि ठाणेकराला त्याचा अभिमान वाटावा यात काही गैर नाही. पण त्या गाडीचा समाजमाध्यमांशी संबंध जोडण्यासाठी विद्यार्थ्याला पुढची सहा वाक्ये खर्ची घालावी लागतात आणि ती लिहून होईपर्यंत प्रस्तावनेची जागा संपलेली असते. नमनाला घडाभर तेल घातले जाते आणि नाटकाचा पडदा वर जातच नाही.

वर्णनात्मक किंवा ललित निबंधात अशी सैल सुरुवात एक वेळ चालते, कारण तेथे वाचक लेखकाबरोबर भटकायला निघालेला असतो. वैचारिक निबंधाचा वाचक मात्र काही ठरावीक गोष्टी शोधत असतो: वाद नेमका कशाबद्दल आहे, तो वाद का आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना काही बळ आहे का, आणि लिहिणारा कोणत्या बाजूचा आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे पहिल्या परिच्छेदात मिळाली की पुढचे हजार शब्द तो विश्वासाने वाचतो. ती मिळाली नाहीत, तर प्रत्येक मुद्द्यापाशी थांबून "हे आत्ता कशासाठी सांगितले" असे त्याला स्वतःलाच विचारावे लागते. शेकडो उत्तरपत्रिका समोर असलेल्या परीक्षकाकडे एवढा वेळ नसतो.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी वाद घालण्याची शिस्त फार पूर्वी बांधून ठेवली आहे आणि तिचे शब्द आपण आजही, बहुधा नकळत, वापरतो. मीमांसा या दर्शनात एखाद्या प्रश्नाचा विचार करताना विषय, संशय (म्हणजे दोन बाजूंमधली शंका), पूर्वपक्ष (विरोधकाचे म्हणणे) आणि मग उत्तरपक्ष (त्याला आपले उत्तर) असा क्रम धरला जातो. तर्काचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय (तो दाखला प्रस्तुत गोष्टीला लावून दाखवणे) आणि निगमन (निष्कर्ष). "पर्वतावर अग्नी आहे" ही प्रतिज्ञा, "कारण तेथे धूर आहे" हा हेतू, आणि जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हा दाखला त्यानंतर. मी वर्गात निबंधाच्या मुख्य विधानाला प्रतिज्ञाच म्हणते. मुले पहिल्या दिवशी हसतात, कारण प्रतिज्ञा म्हटली की त्यांना पाठ्यपुस्तकाच्या आरंभीचे पान आणि शाळेच्या मैदानावर पुढे केलेला उजवा हात आठवतो. परंतु हा शब्द एकदा रुळला की पुढचे काम सोपे होते, कारण "प्रस्तावना कशी लिहू" या धूसर प्रश्नाऐवजी "माझी प्रतिज्ञा काय आणि तिचा हेतू काय" असा नेमका प्रश्न समोर येतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की पहिले वाक्य सुचण्याची वाट पाहत बसू नये. कच्च्या पानावर आधी प्रतिज्ञा लिहावी, तिच्यापुढे "कारण" हा शब्द लिहून हेतू लिहावा, आणि पहिले वाक्य अगदी शेवटी शोधावे. विचारांच्या क्रमात प्रतिज्ञा पहिली असते; छापील किंवा लिहिलेल्या परिच्छेदात ती बहुधा शेवटच्या एक-दोन वाक्यांत येते. हे दोन क्रम वेगळे आहेत, ही गोष्ट लक्षात न आल्यामुळेच अनेक जण कोऱ्या कागदासमोर वीस मिनिटे बसून राहतात.

प्रतिज्ञा प्रतिज्ञाच आहे की नुसता विषय आहे, हे ओळखण्याची कसोटी एकच: एखादा समंजस माणूस तिला विरोध करू शकेल काय? "ध्वनिप्रदूषण ही गंभीर समस्या आहे" या विधानाला कोणीही विरोध करणार नाही, तेव्हा ते सिद्ध करण्यासाठी निबंध लिहिण्याची गरजही नाही. "ध्वनिप्रदूषण रोखण्यासाठी सर्वांनी प्रयत्न करावेत" हे त्याहून फसवे आहे, कारण ते भूमिकेसारखे दिसते, पण "सर्वांनी" म्हटल्याबरोबर त्यातून कोणीच काही करायचे उरत नाही. प्रतिज्ञेत कोणी, काय, कोठे आणि कितपत करावे यांपैकी निदान दोन गोष्टी तरी ठरलेल्या असाव्यात. त्या ठरल्या की विरोधक आपोआप उभा राहतो, आणि विरोधक उभा राहिला की निबंधाला लिहिण्यासारखे काही मिळते.

हे एका उदाहरणाने जवळून पाहू. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने येणाऱ्या एका मुलीला मी विषय दिला होता: "सार्वजनिक उत्सवांत ध्वनियंत्रणेवर पूर्ण बंदी असावी काय?" तिने आणलेली पहिली प्रस्तावना अशी होती:

"आपला भारत देश हा विविधतेने नटलेला देश आहे. येथे अनेक सण व उत्सव मोठ्या उत्साहाने साजरे केले जातात. प्राचीन काळापासून मानवी जीवनात संगीताला अनन्यसाधारण महत्त्व आहे. परंतु आजच्या विज्ञानयुगात ध्वनिप्रदूषण ही एक ज्वलंत समस्या बनली आहे. ज्याप्रमाणे नाण्याला दोन बाजू असतात, त्याप्रमाणे या प्रश्नालाही दोन बाजू आहेत. प्रस्तुत निबंधात आपण त्यांचा सविस्तर ऊहापोह करणार आहोत."

व्याकरणाची चूक एकही नाही, अक्षर सुरेख, आणि तरीही या सहा वाक्यांत निबंधाचे काही नाही. मी तिला "ध्वनिप्रदूषण" या शब्दावर बोट ठेवून तेथे "प्लास्टिक" वाचायला सांगितले. संगीताचे एक वाक्य गाळले तर बाकी सगळे जसेच्या तसे चालले. मग "हुंडा" वाचायला सांगितले, तेही चालले. ज्या प्रस्तावनेतला मुख्य शब्द बदलूनही ती कोसळत नाही, ती कोणत्याच विषयाची नसते. पहिली तीन वाक्ये वाचकाला आधीपासून ठाऊक असलेली माहिती देतात, चौथे विषयाचे नाव घेते, पाचवे भूमिका घेणे टाळते आणि सहावे पुढे काहीतरी होईल असे आश्वासन देते. शेवटच्या वाक्यावर माझा विशेष राग आहे. ऊहापोह करणार आहोत, असे सांगण्यापेक्षा तो सुरू करावा.

मग मी वही मिटून तिला विचारले की विसर्जनाच्या रात्री तुझ्या घरी काय होते. ती म्हणाली, "मॅडम, खिडक्यांच्या काचा थरथरतात. आजी कानातले मशीन काढून उशाखाली ठेवते. पण त्याच मिरवणुकीत पुढे दादा ढोल वाजवत असतो, तेही तितक्याच हौसेने पाहते ती." या तीन वाक्यांत संशय आला, तोही शास्त्रकारांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने: एकाच घरात, एकाच आजीच्या मनात, प्रश्नाच्या दोन्ही बाजू होत्या. नाण्याची उपमा जे सांगू पाहते आणि सांगू शकत नाही, ते त्या उशाखालच्या यंत्राने सांगितले.

पुढचा प्रश्न माहितीचा होता. तिने वाचन चांगले केले होते. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० सालचे आहेत. त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक वाजवता येत नाहीत. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ते वाजवण्याची मुभा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. आणि डेसिबलचे मोजमाप असे की १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते. हे सगळे तिला माहीत होते आणि दुसऱ्या मसुद्यात तिने हे सगळे प्रस्तावनेत कोंबले. पहिला परिच्छेद शासकीय परिपत्रकासारखा दिसू लागला.

आकडा प्रस्तावनेत कधी घ्यावा, याचा निर्णय प्रतिज्ञेवरून होतो. म्हणून आम्ही प्रतिज्ञेकडे परत गेलो. नियम आहेत, मर्यादा आहे, तरी काचा थरथरतात. तेव्हा वाद बंदी हवी की नको एवढाच उरत नाही, तर आहे तो नियम कोणावर लागू करायचा, असा होतो. तिचे म्हणणे असे होते की मंडळाचे कार्यकर्ते बदलत राहतात, त्यांच्यावर गुन्हा नोंदवून पुढच्या वर्षी काही साधत नाही. यंत्रणा भाड्याने देणारा व्यावसायिक मात्र तोच असतो, त्याचा धंदा परवान्याशी जोडला तर तो स्वतःच आवाज आवरेल. ही प्रतिज्ञा वादग्रस्त आहे, हीच तिची किंमत. भाड्याने देणारा म्हणेल की आवाजाचे बटण माझ्या हातात नसते. पूर्ण बंदी मागणारे म्हणतील की परवान्यातून पळवाटा निघतात. लिहिण्यासारखे पुष्कळ मिळाले. आता आकड्यांपैकी कोणता हवा हेही स्पष्ट झाले: नियम आधीपासून आहे हे दाखवण्यापुरता २००० हा एक आणि ४५ हा दुसरा. रात्री १२ पर्यंतची सवलत विरोधकाच्या मुद्द्याबरोबर तिसऱ्या परिच्छेदात गेली, आणि डेसिबलचे दहापटीचे गणित दुसऱ्या परिच्छेदात, जेथे ते समजावून सांगायला सहा ओळींची जागा होती.

तिसरा मसुदा असा झाला:

"विसर्जनाच्या रात्री इमारतीच्या खिडक्यांची तावदाने थरथरत असतात आणि घरातली आजी कानातले श्रवणयंत्र काढून उशाखाली ठेवते, त्याच मिरवणुकीच्या अग्रभागी तिचा नातू ढोल वाजवत असतो. उत्सवाचा आनंद आणि उत्सवाचा जाच असे एकाच घरात नांदतात, म्हणून ध्वनियंत्रणेवर पूर्ण बंदी घालण्याची मागणी समजण्याजोगी असली, तरी ती पुरेशी नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालणारे नियम २००० सालापासून अस्तित्वात आहेत. उणीव नियमाची नाही, तो मोडल्यावर कोणाला जबाबदार धरायचे याची आहे. ही जबाबदारी यंत्रणा भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकावर, त्याच्या परवान्याशी जोडून, टाकली पाहिजे, कारण मंडळाचे कार्यकर्ते दर काही वर्षांनी बदलतात आणि यंत्रणा मात्र त्याच हातांत राहतात."

"आमची इमारत" आणि "माझी आजी" हे शब्द येथे मुद्दाम गाळले आहेत. उत्तरपत्रिकेत स्वतःची ओळख पटेल असे काही लिहू नये, हा परीक्षेचा दंडक आहे. गाव, घर आणि नातेवाईक यांचा उल्लेख सामान्य रूपात केला तरी दृश्याची धार कमी होत नाही. घरी किंवा नियतकालिकासाठी लिहिताना "मी" बेलाशक वापरावा.

या मसुद्यात विरोधी बाजूला किती जागा दिली आहे, तेही पाहावे: "समजण्याजोगी असली, तरी" एवढेच. पण ते शब्द प्रामाणिक आहेत, कारण आजीचे उशाखालचे यंत्र त्यांच्याआधी आलेले आहे. पूर्वपक्ष मांडताना विरोधकाच्या तोंडी मूर्खपणाचे वाक्य घालून ते खोडण्याचा मोह फार जणांना होतो. "काही लोकांना वाटते की गोंगाट म्हणजेच भक्ती" असे लिहिणे सोपे आहे, पण असे वाटणारे हे काही लोक कोण, ते कोठे राहतात, याचा पत्ता लेखकालाही नसतो. विरोधकाचे सर्वांत बळकट म्हणणे एका उपवाक्यात मांडता येत नसेल, तर आपल्याला तो प्रश्न अजून पुरता कळलेला नाही, असे समजून पुन्हा वाचायला बसावे.

याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे वितंडा. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करत राहणे ती वितंडा. "प्रशासन झोपले आहे, पुढारी स्वार्थी आहेत, नागरिक बेफिकीर आहेत" अशा प्रस्तावना शब्दशः वितंडा असतात. त्यांत आवेश भरपूर असतो, लिहिणाऱ्याला समाधानही मिळते, पण शेवटपर्यंत त्याला स्वतःला काय हवे आहे, ते सांगितलेले नसते.

आता पहिल्या वाक्याकडे. ते दृश्य असावे, आकडा असावा की व्याख्या, याचे ठाम उत्तर नाही, पण माझा कल सांगते. दृश्य बहुधा उत्तम, कारण त्यात विषय आणि संशय एकत्र येतात. मात्र ते दोन ओळींत संपले पाहिजे, नाहीतर निबंधाची कथा होते. अवतरणांपासून मी मुलांना दूर ठेवते. पर्यावरणाच्या निबंधात वृक्षवल्लींचे ठरलेले चरण परीक्षकाने त्याच दिवशी पन्नास वेळा वाचलेले असतात, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांखालच्या थोर माणसांच्या नावांवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. प्रश्नार्थक सुरुवात, म्हणजे "आपण कधी विचार केला आहे का की…", ही भाषणात शोभते. कागदावर तिला उत्तर देणारा कोणी समोर नसतो.

व्याख्येने सुरुवात करणे साधारणपणे कंटाळवाणे असते, पण वाद जेव्हा एखाद्या शब्दावरच अडलेला असतो, तेव्हा तीच सर्वांत बळकट सुरुवात ठरते. नवी मुंबईतले फ्लेमिंगो हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीचा सुमारे ६५ चौरस किलोमीटरचा परिसर रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि भरतीचे पाणी चढले की नेरुळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. वादाचे मूळ असे की एकाच तळ्याला कोणी "पाणथळ जागा" म्हणतो आणि कोणी "भूखंड". अशा विषयावरच्या निबंधाची सुरुवात या दोन शब्दांनीच करावी: "ओहोटीला फ्लेमिंगो जेथे चरतो त्या चिखलाला अभयारण्य म्हणायचे आणि भरतीला तो जेथे उभा राहतो त्या तळ्याला भूखंड म्हणायचे, असे करून पक्ष्याचे अर्ध्या दिवसाचेच रक्षण होते." विषय, संशय आणि भूमिकेची चाहूल एवढ्या एका वाक्यात आली, रामसरचा उल्लेख आणि चौरस किलोमीटर पुढच्या वाक्यात सहज बसतात.

मराठी वाक्याची घडण या सगळ्यात आपल्याला कोठे दगा देते, तेही सांगणे भाग आहे, कारण इंग्रजी मार्गदर्शिका वाचून तयारी करणाऱ्यांना याची जाणीव करून दिली जात नाही. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. "ध्वनियंत्रणेवर पूर्ण बंदी घालावी, परवाने रद्द करावेत आणि मंडळांकडून दंड वसूल करावा असे मला वाटत नाही" हे वाक्य वाचताना वाचक शेवटच्या शब्दापर्यंत लेखकाला बंदीचा समर्थक समजतो आणि मग त्याला सगळे वाक्य उलटे करून पुन्हा वाचावे लागते. प्रतिज्ञेत नकार लवकर यावा: "बंदी घालू नये, त्याऐवजी…" किंवा "माझे म्हणणे असे की…" अशी रचना करून भूमिका पुढे आणावी. लांब वाक्य लिहायला हरकत नाही, परंतु त्याची कलाटणी मध्यावर तरी असावी.

दुसरा दगा कर्मणी प्रयोगाचा. "उपाययोजना करण्यात याव्यात", "जनजागृती केली जावी", "लक्ष दिले जाणे गरजेचे आहे" अशी वाक्ये आपण कार्यालयीन पत्रांतून इतकी वाचतो की ती आपोआप हातातून उतरतात. त्यांत कर्ता नाहीसा होतो, आणि कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते. त्या मुलीच्या मसुद्यात सारा वादच जबाबदारी कोणाची असा होता. तेथे "जबाबदारी निश्चित करण्यात यावी" असे लिहिले असते तर प्रतिज्ञाच उरली नसती. मी मुलांना प्रस्तावनेतल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून "हे कोण करणार" असे समासात लिहायला सांगते. सुरुवातीला हे फार जाचक वाटते.

"काळाची गरज आहे", "असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही", "आजच्या धकाधकीच्या जीवनात" यांसारख्या ठेवणीतल्या शब्दांबद्दल वेगळे लिहीत नाही. ते काढून टाकावेत.

लांबीचे गणित साधे आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची प्रश्नपत्रिका २५० गुणांची असते, तीन तासांत प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात, आणि ते मराठीत लिहिता येतात. एका निबंधाला दीड तास मिळतो. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटे कच्च्या पानावर प्रतिज्ञा, हेतू, विरोधकाचे मुख्य म्हणणे आणि परिच्छेदांचा क्रम यांवर घालवली, तर प्रस्तावना १०० ते १२० शब्दांत आटोपते. उत्तरपत्रिकेवर वर दहा-बारा ओळी मोकळ्या सोडून प्रस्तावना अखेरीस लिहावी, असा सल्ला कधी कधी दिला जातो. मला तो पटत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत अक्षर बिघडलेले असते, जागा हमखास कमी-जास्त होते, आणि सर्वांत आधी वाचला जाणारा परिच्छेद सर्वांत घाईने लिहिलेला दिसतो. घरी सराव करताना मात्र निबंध पूर्ण झाल्यावर प्रस्तावना पुन्हा लिहावीच, कारण लिहिता लिहिता भूमिका बहुधा थोडी सरकलेली असते आणि जुनी प्रस्तावना आता दुसऱ्याच निबंधाची झालेली असते.

बोरीबंदरच्या गाडीवर मी आरंभी टीका केली, पण तिलाही एकदा योग्य जागा मिळाली. "नव्या वसाहतींत आधी घरे उभारावीत की आधी सार्वजनिक वाहतूक?" या विषयावर कळव्याच्या एका मुलाने लिहिले: "ठाण्यात रेल्वे १८५३ मध्ये आली आणि आजचे शहर तिच्या आधाराने वाढले, नवी मुंबईची आखणी करण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, आणि खाडी ओलांडून वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ मध्ये." त्या दोन दशकांत वाशीत राहायला आलेल्यांनी काय केले असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि पुढचे वाक्य त्यावर बेतलेले होते: वाहतुकीची सोय प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय नियोजन प्राधिकरणाने घरांचा ताबा देऊ देऊ नये. तीच तारीख, पण आता ती प्रतिज्ञेचे ओझे उचलत होती. मी त्या वाक्यापुढे समासात बरोबरची खूण केली आणि "आधाराने वाढले" हे पुढे एका ओळीत तरी दाखवून दे, असे लिहिले.

प्रस्तावना जमली की नाही, हे पाहण्यासाठी ती विषय ठाऊक नसलेल्या माणसाला एकदाच मोठ्याने वाचून दाखवावी आणि वही मिटून विचारावे की मी कोणत्या बाजूची आणि का. ऐरोलीच्या त्या मुलीने तिसरा मसुदा आपल्या दादाला वाचून दाखवला. त्याने बाजू बरोबर सांगितली, कारणही बरोबर सांगितले, आणि मग विचारले, "म्हणजे आमच्या ढोलांना परवाना लागणार की नाही?" पुढच्या शनिवारी तिने वही आणली तेव्हा प्रतिज्ञेत "यंत्रणा" या शब्दाआधी "विजेवर चालणारी" हे शब्द आले होते, आणि ढोल-ताशांचे काय करावे याच्या चार ओळी तिसऱ्या परिच्छेदात वाढल्या होत्या.